सहाशे रुपयांची पोकळी

पार्सल उघडलं तेव्हा आई शेजारी गवार निवडत बसली होती. खोक्यातून तीन काळी कडी निघाली, 12, 20 आणि 36 मिलिमीटरची. आईने त्यातलं एक डोळ्याला लावलं आणि पलीकडून माझ्याकडे बघितलं.

"काच कुठाय याची?"

"काच नसतेच. एक्स्टेन्शन ट्यूब आहे ती. पोकळच असते."

"म्हणजे सहाशे रुपये देऊन भोक आणलंस."

शास्त्र तिच्याच बाजूने होतं, म्हणून गप्प बसलो. लेन्स कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून जितकी पुढे सरकते तितकं जवळचं दिसतं. ट्यूब नुसती मध्ये उभी राहते, करत काहीच नाही (अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात). अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स परवडत नाही त्याने 50 मिलिमीटरच्या लेन्समागे तिन्ही कडी जोडून 68 मिलिमीटरचं भोक लावायचं, की मुंगीचा मुंगळा होतो.

स्वस्तातल्या ट्यूबला विजेचे संपर्कबिंदू नसतात, हे लेन्स चढवल्यावर कळलं. कॅमेरा लेन्सला ओळखच दाखवेना आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) सताड उघडं. त्यावर एक जुगाड आहे: आधी लेन्स थेट कॅमेऱ्याला लावायची, अ‍ॅपर्चर f/8 वर ठेवायचं, ते छिद्र तेवढं बारीक करणारं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढायची, की छिद्र बारीकच राहतं. कॅमेरा चालू असताना! गॅस पेटता ठेवून सिलिंडर बदलावा तसं वाटतं.

आता मॉडेल. बाल्कनीतल्या जास्वंदीवर एक उड्या मारणारा कोळी राहतो. तांदळाच्या दाण्याएवढा, आठ डोळ्यांचा, त्यातले समोरचे दोन थेट आपल्यावर रोखलेले. लेन्स त्याच्यापासून चार बोटांवर न्यावी लागते. एवढ्या जवळ तर आमच्याकडे दातांचे डॉक्टरच येतात. फ्रेममध्ये मावतं जेमतेम 16 मिलिमीटर जग, आणि त्यात स्पष्ट दिसतो अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर. फोकसची रिंग फिरवून विशेष फरक पडत नाही. स्वतःच पुढेमागे डुलायचं. मी श्वास घेतला की कोळ्याचे डोळे धूसर, सोडला की पाय धूसर. श्वास रोखला, तर छातीतली धडधड फोटोत उतरते. त्यात लेन्स पुढे नेल्यामुळे प्रकाश पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी आणि वर माझ्याच डोक्याची सावली. जरा जमतंय असं वाटलं, की वारा. पान दोन मिलिमीटर हलतं, म्हणजे कोळी तालुक्याबाहेर जातो.

एकदा तर तो लेन्सवरच उडी मारून बसला. मी किंचाळलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

तीन सकाळी, चारशे अकरा फोटो. त्यात एक लख्ख निघाला. कोळी धूसरच होता, पण मागची कळी अशी काही उतरली होती, की तिच्यावरचे हिरवे ठिपके मोजता यावेत. कौतुकाने आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, स्क्रीन नाकाजवळ नेली.

"अरे, हा तर मावा! माझ्या जास्वंदीवर मावा पडलाय! कधीपासून बघतोयस?"

"तीन दिवस."

पुढचं ती काही बोलली नाही. साबणाचं पाणी भरलेला फवारा घेऊन बाल्कनीत गेली. मागोमाग मीही गेलो. कळ्यांवरून फेस ओघळत होता. कोळी तिथून निघून कुंडीच्या काठावर आला होता आणि माझ्याकडे तोंड करून, पहिल्यांदाच, अजिबात न हलता बसला होता.

ट्यूब कपाटात होती.