‘दोन वायरी, अर्धा तास’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर, मग खानापूरच्या मामांकडून, आणि शेवटी निपाणीच्या चुलतभावाकडून. त्याने खाली पुस्तीही जोडली होती: ‘बघ, तू उगाच दोन रविवार घालवलास.’ मेसेज साधारण असा:

“गाडीत अलार्म आणि कॉम्प्युटर बसवायला वायरिंगवाल्याला हजारो रुपये देऊ नका. किट मागवा. लाल ती प्लस, काळी ती मायनस, दोन वायरी जोडल्या की अर्ध्या तासात काम खलास. चोराने गाडी पळवली तर रिमोट दाबून चालत्या गाडीचं इंजिन बंद करा. कॉम्प्युटरचा डोंगल सॉकेटला कायम लावून ठेवा, बॅटरी खात नाही, अ‍ॅव्हरेज वाढतं. अलार्म असला की इन्शुरन्स निम्मा. सर्वांना पाठवा.”

आधी मान्य करायचं ते करतो. घरी बसवता येतं, यात खोटं काही नाही. मी वायरिंगवाला नाही, माझं दुकानही नाही. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हातात मल्टिमीटर धरता येतो, आणि माझ्या २०११च्या वॅगनआरमध्ये अलार्म, सेंट्रल लॉक आणि डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा, त्यातली माहिती वाचणारा छोटा डबा) हे तिन्ही मीच बसवलंय. म्हणूनच राग आला. मेसेजचं पहिलं वाक्य पटण्यासारखं आहे, आणि त्याच्या भरवशावर पुढची सगळी वाक्यं गळी उतरवली आहेत.

दोन वायरींचं घ्या. माझ्या किटच्या पिशवीतून जो गुंता निघाला त्यात प्लस-मायनस सोडून इग्निशनची वायर होती, डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या दोन, सायरनची, दाराच्या स्विचची, बॉनेटच्या स्विचची, लुकलुकणाऱ्या दिव्याची, आणि सेंट्रल लॉकसाठी सहा वायरींचा वेगळा प्लग. गाडीला मुळात सेंट्रल लॉक नसेल तर प्रत्येक दारात मोटर आली. ड्रायव्हरच्या दारातली पाच वायरींची, बाकीच्या दोन-दोन वायरींच्या. त्यासाठी दाराचं आतलं पॅनेल सुटं करायचं, आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर ओढून घ्यायची. एका दाराला मला तास लागला, त्यातला पाव तास सीटखाली उडालेली प्लास्टिकची क्लिप शोधण्यात गेला.

इंडिकेटरच्या त्या दोन वायरी तर मुद्दाम बघाव्यात. एका ओळखीच्याने ‘दोन्ही एकाच कामाच्या’ म्हणून त्या पिळून एकत्र केल्या आणि डाव्या इंडिकेटरला जोडल्या, तिथून एक फाटा उजवीकडे. अलार्म उत्तम वाजला. दुसऱ्या दिवशी तो डावीकडे वळायला गेला तर चारही दिवे मिचमिचायला लागले. डावी-उजवी बाजू एकमेकींना जोडली गेली, दुसरं काय होणार? किटमध्ये दोन वेगळ्या वायरी देतात त्या त्यासाठीच.

‘लाल ती प्लस, काळी ती मायनस’ हे किटच्या वायरीपुरतं बहुतेक वेळा खरं असतं. पण जोडायचं असतं गाडीच्या मूळ वायरिंगला, आणि तिथे हा पाढा चालत नाही. आपल्याकडे घरात वायरिंग करणारेच हौसेने गाडीला हात घालतात. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, तीच सवय त्यांच्या हाताला. गाडीत रंगावर पट्टा असतो, एकच रंग दोन ठिकाणी दोन कामं करतो, आणि डॅशबोर्डखाली अंधारात तपकिरी आणि लाल सारखीच दिसते. रंगावर जायचं नाही, मीटर लावून बघायचं: चावी बंद असताना किती व्होल्ट, चावी फिरवल्यावर किती, स्टार्टर मारताना टिकतात का. दाराची वायर तर जुन्या गाड्यांमध्ये उलटी चालते. दार उघडलं की ती अर्थ होते, म्हणजे बॉडीला, मायनसला जोडली जाते. तिथे प्लस शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. आणि बल्बवाला टेस्टर नकोच. बल्ब करंट ओढतो, ते कॉम्प्युटरच्या नाजूक वायरींना सोसत नाही. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर हात मागे घ्यायचा. त्या एअरबॅगच्या. स्टेअरिंगजवळ काम करायचं असेल तर आधी बॅटरीची मायनस काढून थोडं थांबायचं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका वायरीत. बॅटरीपासून आत गाडीत येणारी जाड प्लसची वायर. इंजिनाच्या आणि बसण्याच्या जागेच्या मधे पत्र्याची भिंत असते. बॉनेट उघडायची केबल जिथून जाते तिथे रबरी गुडदी असते. तिला बारीक छेद दिला, साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या जुन्या स्पोकच्या टोकाला वायर टेपने बांधली आणि स्पोक ढकलत राहिलो. तो भलत्याच ठिकाणी निघाला, परत ओढला, परत ढकलला. आई अंगणातून ओरडली, “काय करूलालास रे सकाळपासून? गाडी मोडलास की काय?” सोपा मार्ग होताच, पत्र्याला ड्रिलने भोक पाडायचं. पण पत्र्याच्या धारेवर वायर वर्षभर थरथरत राहिली की वरचं प्लास्टिक सोलतं आणि तांबं बॉडीला टेकतं. पस्तीस अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) साधी बॅटरीही शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते. वायर लाल होऊन पेट घ्यायला काही सेकंद पुरतात. म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मेसेजमध्ये फ्यूज हा शब्दच नाही. किटमध्ये फ्यूज असतो, पण तो अलार्मच्या डब्याजवळ, म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावरच राहते.

आपल्याकडच्या पावसाचा विचार तर कुठल्याच पत्रकात नसतो. जांबोटी-कणकुंबीकडे गाडी नेणाऱ्याला सांगायला नको. सायरनचं तोंड खाली करून बसवा, वर ठेवलंत तर जुलैत त्याची वाटी होते. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतात, आत जात नाहीत. निळ्या चिमट्यांचे कनेक्टर मिळतात, वायर न सोलता दाबून जोडायचे. ते मी दोन ठिकाणी वापरले आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर काढले. चिमट्याने चार धागे कापले होते आणि उरलेले हिरवे पडले होते. आता सोल्डर, वर हीट-श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. अर्थ देताना रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्ट आवळायचा. अर्थ कच्चा असला की अलार्म मध्यरात्री उगाच बोंबलतो आणि दोष सेन्सरला जातो.

सेन्सरबद्दल एक जाता जाता. धक्क्याच्या सेन्सरला छोटा स्क्रू असतो, तो पूर्ण फिरवून ‘फुल्ल’ ठेवायची हौस कुणी करू नये. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री आमच्या भागात ढोल सुरू झाले की ओळीने गाड्या रडायला लागतात. बोटाच्या पेराने काच ठोकून बघा, त्याला वाजला नाही आणि तळहाताच्या थापेला वाजला की पुरे.

आता ते रिमोटने चालत्या गाडीचं इंजिन बंद करणं. हा मुद्दा वाचून लोक खूश होतात, आणि सगळ्यात घातक हाच आहे. चालत्या गाडीचं इंजिन थांबलं की पॉवर स्टेअरिंगची मदत जाते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेली ओढ एक-दोन दाबांना पुरते, त्यानंतर पेडल दगडासारखं. चोर्ला घाटाच्या उतारावर, समोरून ट्रक येत असताना हे झालं तर चोर जाईल, गाडी जाईल आणि ट्रकवालाही. आणि चोराचं सोडा, रोज गाडी चालवणारे तुम्ही आहात. इंजिन बंद करायला गाडीतल्याच पेट्रोल पंपाच्या (टाकीतून इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या) वायरीत रिले टाकतात. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो गाडी चालू असेपर्यंत सतत करंट वाहतो. त्याचा कॉन्टॅक्ट सैल झाला, एक जोड तापून सुटला, की हायवेवर रात्री अकराला इंजिन गप्प. रिमोट तुमच्या खिशातच, बटण कुणी दाबलेलं नाही.

त्यापेक्षा स्टार्टरचा करंट तोडावा. चावीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टरला करंट सोडणारा चुंबकी स्विच) जाणारी वायर मधे कापायची आणि रिलेतून घ्यायची. अलार्म लावला की स्टार्टर फिरत नाही, पण एकदा चालू झालेली गाडी रिले बिघडला तरी थांबत नाही. रिलेवर आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ ही कॉइल (रिले चालवणारं तारेचं वेटोळं), ३० ही येणारी, ८७ए ही एरवी जोडलेली आणि ८७ ही कॉइलला करंट मिळाल्यावर जोडली जाणारी. मी ३० आणि ८७ए वापरले. अलार्मचा डबा मेला तरी माझी गाडी सुरू होते. तोटा असा की, डबा उपटणाऱ्या चोराचीही सुरू होते. मला बायको-मुलांसह कणकुंबीच्या पावसात अडकण्यापेक्षा हे बरं वाटलं. तुमचा हिशोब वेगळा असू शकतो. मात्र किटमधली बारीक वायर या कामाला वापरू नका, सोलेनॉइड क्षणभर का होईना बराच करंट ओढतो. ३०-४० अँपिअरचा वेगळा रिले, तशीच जाड वायर, आणि कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा तुकडा). कॉइल सुटताना उलटा झटका मारते, तो डायोड नसेल तर अलार्मच्या डब्यात जातो.

डोंगलचं आणि बॅटरीचं उत्तर मामांकडेच आहे. गेल्या आषाढीला ते दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेले, गाडी दारात उभी, डोंगल सॉकेटमध्ये. पंधरा दिवसांनी परतले तेव्हा फोन आला, “गाडी चालूच होईना बघ. चावी फिरवली की नुसतं टिक टिक.” त्यांनी नवी बॅटरी घालून टाकली, मला नंतर कळवलं. मी मग मोजलं. मायनसचा क्लॅम्प काढून मीटर मधे धरला, दार बंद असल्याचं भासवायला कुलपाच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर दाबला, आणि गाडी झोपेपर्यंत अर्धा तास थांबलो. (मीटर मधे असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.) गाडीचे स्वतःचे २० मिलीअँपिअर, डोंगलचे ४५. मिळून ६५. दिवसाला दीड अँपिअर-अवरच्या वर, पंधरा दिवसांत तेवीस. पस्तीसच्या बॅटरीत उरले बारा, आणि तीन वर्षं जुन्या बॅटरीत पस्तीस होतेच कुठे? त्या सॉकेटची सोळावी पिन चावी काढली तरी जिवंत असते, सगळी गोम तिथे.

अ‍ॅव्हरेज वाढवणारा डोंगल हा प्रकार वेगळाच. असा एक आम्ही शिफ्टमध्ये उघडून बघितला: एक छोटी चिप, एक बटण, तीन दिवे. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या पिनांना आतून वायरच जोडलेली नव्हती. दिवे मात्र सुंदर लुकलुकतात. खरा डोंगल, म्हणजे ईएलएम३२७ जातीचा, तो वाचतो: आरपीएम, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट, आणि ‘चेक इंजिन’चा कोड. माझ्याकडे एकदा पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. स्पार्क प्लग बदलला, काम झालं. एवढ्यासाठी तो घ्यावाच. पण वाचतो म्हणून पेट्रोल वाचत नाही. आणि जुन्या गाडीला चालेलच असंही नाही. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीचे दोष वाचायची सगळ्यांची एकच ठरलेली पद्धत, आलं २०१३च्या एप्रिलपासून, आणि बीएस-४ सगळ्या देशात लागू झालं २०१७च्या एप्रिलमध्ये. त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. विकत घेण्याआधी कुणाचा तरी उसना लावून बघा.

इन्शुरन्स निम्मा होत नाही. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात चोरीविरोधी यंत्राला सूट होती ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, फार तर ५०० रुपये. तीही पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेलं यंत्र असेल आणि ऑटोमोबाईल असोसिएशनचा बसवल्याचा दाखला असेल तर. चार हजारांच्या हप्त्यावर शंभर रुपये. आपण अंगणात बसवलेल्याला तेही नव्हते.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण मला रोज विचारतात: नवीन गाडीत बसवू का? नको. ज्या गाडीत दारं, दिवे, लॉक हे सगळं दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतं, तिथे मधेच फाटा काढला तर डॅशबोर्डवर दिवाळी होते, आणि वॉरंटीचं भांडण वेगळं. तिथे मीही हात घालत नाही.

मामा आता रोज रात्री डोंगल काढून टोपीच्या खुंटीला अडकवतात. तरी ‘कायम लावून ठेवा’वाला मेसेज त्यांच्याकडूनच आला, म्हणून फोन केला. म्हणाले, “अरे, मी नुसता पुढं पाठवलाय. वाचला कुठंय?”