हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला चालत नाहीत
रायझोबियमचे, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे, कोणतेही पाकीट सर्व द्विदल पिकांना चालते, असा या जिवाणूंवरील एका लेखातून समज होतो. तो दुरुस्त व्हावा, असे मनापासून वाटते. सोयाबीनच्या मुळांवर ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम गाठी धरतो, तर हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी लागतो, म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव आणि वापराची मुदत पाहूनच संवर्धक (बियाण्याला चोळायचे जिवाणूंचे मिश्रण) घ्यावे. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी, आणि बियाणे सावलीतच सुकवावे. पेरणीनंतर साधारण महिन्याभराने एखादे रोप मातीसकट हलकेच खणून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी रंग दिसला, तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतले लालसर रंगद्रव्य) तयार झाले असून नत्राचे स्थिरीकरण सुरू आहे, असे समजावे. अशा पिकाला युरियाचा जादा हप्ता तर देऊच नये, कारण जमिनीत आयते नत्र मिळाले की गाठी कमी धरतात.