प्रोजेक्टर बदलला, गर्दी तीच आहे
सिनेमा हॉलच्या आगीच्या नियमांवरच्या एका लेखात म्हटलंय की आता सगळं डिजिटल झालंय, फिल्म जळायची भीती नाही, मग छोट्या हॉलना जुने नियम कशाला. अर्धं बरोबर आहे. जुनी नायट्रेट फिल्म खरंच भयानक होती, पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहायची, म्हणून तर ब्रिटनमध्ये 1909 च्या कायद्याने प्रोजेक्टरला वेगळी, आग न लागणारी खोली सक्तीची केली. ते आता नसलं तरी चालेल, मान्य.

पण माणसं मरतात ती बहुतेक ज्वाळांनी नाही हो, धुराने आणि चेंगराचेंगरीने. 1929 मध्ये स्कॉटलंडच्या पेझली गावात एका थिएटरात फिल्मच्या डब्यातून नुसता धूर आला, मुलं पळत सुटली आणि बाहेरचं गेट बंद, सुमारे 70 मुलं गेली, भाजून एकही नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 1997 ला आग लागली ती खाली पार्किंगजवळच्या ट्रान्सफॉर्मरला, पडद्याशी काही संबंध नाही, धूर वर बाल्कनीत गेला आणि जादा खुर्च्यांनी वाट अडवलेली, 59 जण गेले. यात डिजिटलने काय फरक पडला असता सांगा?

त्यामुळे प्रोजेक्टरच्या केबिनचे नियम खुशाल सैल करा, पण बाहेर उघडणारी दारं, कुलूप नसलेला एक्झिट, लाईट गेली तरी चालू राहणारे दिवे आणि मोकळी पॅसेज याला हॉल छोटा म्हणून सूट नको. उलट तात्पुरत्या शोमध्ये वायरी जमिनीवर, खुर्च्या सुट्या, अंधारात पळताना त्याच पायात येणार, तिथे जास्तच बघायला पाहिजे.