विल्यम्सची भिंत आणि पंढरपूरचा दरवाजा

आषाढी जवळ आली की महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रमंडळींत दोन जुने वाद पुन्हा डोके वर काढतात. विठ्ठलाची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांनी का करावी, हा एक. आणि देवस्थानांचा कारभार सरकारच्या हाती का असावा, हा दुसरा. गंमत अशी की दोन्ही वादांत साक्षीला अमेरिकाच बोलावली जाते. महापूजेचे विरोधक म्हणतात, तिकडे धर्म आणि राज्य यांची फारकत आहे, म्हणून तो देश पुढे गेला. मंदिरे सरकारमुक्त करा म्हणणारे सांगतात, तिकडे सरकार चर्चच्या दानपेटीला हात लावत नाही, मग आमच्याच देवळांवर प्रशासक कशाला? या फारकतीचा अमेरिकेतला पहिला प्रयोग ऱ्होड आयलंड राज्यातल्या ज्या प्रॉव्हिडन्स शहरात झाला, तिथेच माझा मुक्काम असल्यामुळे ही साक्ष जरा उलटतपासणी करूनच घ्यावी असे मला वाटते.

सतराव्या शतकात शेजारच्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत धर्मस्वातंत्र्य नावाला नव्हते. इंग्लंडमधला छळ चुकवून आलेल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना स्वतःच्या पद्धतीने उपासना करायची मोकळीक हवी होती. ती दुसऱ्याला द्यायची त्यांची तयारी नव्हती. 1631 पासून मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सदस्यांना होता आणि प्रार्थनेला हजेरी सक्तीची झाली. नाताळ साजरा करणे त्यांना बायबलबाह्य वाटे, म्हणून 1659 मध्ये त्यावर पाच शिलिंग दंड बसला, तो 1681 पर्यंत टिकला. ख्रिस्ती राज्यात नाताळला दंड, हे आपल्याकडच्या कोणत्याच गटाच्या चौकटीत बसत नाही.

या वसाहतीत 1631 मध्ये रॉजर विल्यम्स नावाचा तरुण धर्मोपदेशक आला. तो संशयवादी नव्हता, उदारमतवादीही नव्हता. उलट प्युरिटनांनाही तो फार कडवा वाटे. बॉस्टनच्या चर्चने इंग्लंडच्या राजचर्चशी नाते पुरते तोडले नाही, म्हणून त्याने तिथले उपदेशकपद नाकारले. पुढे तो दोन गोष्टी जाहीरपणे बोलू लागला. जी जमीन राजाची नव्हतीच, ती सनद काढून वाटण्याचा राजाला अधिकार नाही, ती मूळ रहिवाशांची आहे, ही एक. दुसरी अशी की दहा आज्ञांपैकी ईश्वराविषयीच्या पहिल्या चार आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा करणे हे दंडाधिकाऱ्याचे काम नाही. ऑक्टोबर 1635 मध्ये त्याच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. 1636 च्या जानेवारीत, भर हिमवर्षावात तो निसटला, आणि नॅरागान्सेट या मूळ रहिवासी जमातीचे प्रमुख कॅनोनिकस व मियान्टोनोमी यांच्याकडून जमीन मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवले.

1644 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या लेखनात त्याने चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामधल्या कुंपणभिंतीची कल्पना मांडली: लोकांनी ती भिंत फोडली की देव बागेचेच रान करतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याने 1802 मध्ये एका पत्रात अशीच भिंत वापरली आणि ती पुढे न्यायालयांत पोहोचली. पण जेफरसनला राज्याची काळजी होती, विल्यम्सला देवाची. सत्तेचा हात लागला की धर्म नासतो, ढोंगी माणसे प्रार्थनेला रांग लावतात, हे त्याचे खरे दुखणे होते. आपल्याकडे धर्म आणि राज्य वेगळे ठेवा म्हणणाऱ्याला आपोआप नास्तिकांच्या बाजूला बसवले जाते. त्यामुळे हा युक्तिवाद एखाद्या निष्ठावान वारकऱ्यानेही करता येतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मला मात्र विल्यम्सच्या ग्रंथांपेक्षा प्रॉव्हिडन्सच्या गावसभेतला मे 1638 चा एक निवाडा अधिक बोलका वाटतो. जोशुआ व्हेरिन हा विल्यम्सचा शेजारी. त्याची बायको जेन हिला विल्यम्सच्या घरच्या उपासनेला जायचे असे आणि व्हेरिन तिला जाऊ देत नसे, मारहाणही करी. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असे शास्त्रच सांगते, असा युक्तिवाद सभेत झाला. म्हणजे व्हेरिनच्या बाजूनेही विवेकस्वातंत्र्याचाच आधार घेतला गेला. सभेने तो फेटाळला आणि बायकोच्या विवेकस्वातंत्र्याला आडकाठी केली म्हणून व्हेरिनचा मतदानाचा हक्क काढून घेतला. ज्या गावाने उपासनेत हात घालायचा नाही असे ठरवले होते, त्याच गावाने उपासनेच्या वाटेत आडव्या आलेल्या माणसाला मात्र दंड केला.

हा फरक विल्यम्सने 1655 च्या पत्रात नीट मांडला आहे. एका जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी आणि मुसलमान प्रवास करीत आहेत. कप्तानाने कुणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला ओढू नये, कुणाची स्वतःची प्रार्थना थांबवू नये. पण जहाजाची दिशा, शांतता आणि न्याय यांबाबत त्याचा हुकूम चाललाच पाहिजे. हे केवळ कागदावर राहिले नाही. क्वेकर या नव्या ख्रिस्ती पंथाची मते विल्यम्सला मनापासून नापसंत होती, इतकी की 1672 मध्ये वयाच्या सत्तरीच्या आसपास तो दिवसभर होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी वादाला उभा राहिला. बॉस्टनने 1660 मध्ये मेरी डायर या क्वेकर बाईला फाशी दिली होती. विल्यम्सच्या ऱ्होड आयलंड वसाहतीने मात्र क्वेकरांना घालवून देण्याची शेजारच्या वसाहतींची मागणी 1657 मध्येच नाकारली होती.

या माणसाची मूर्ती करण्याचेही कारण नाही. मूळ रहिवाशांशी झालेल्या युद्धात 1676 मध्ये प्रॉव्हिडन्स जळाले, त्यानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना सक्तीच्या चाकरीत विकण्याची व्यवस्था करणाऱ्या समितीत विल्यम्सही होता. आणि त्याच्या वसाहतीतले न्यूपोर्ट पुढे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर झाले.

आता पंढरपूर. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार दलितांना उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. 1973 च्या कायद्याने बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेतली भिंत जशीच्या तशी पंढरपुरात आणली असती, तर हे दार आतून कुणी उघडले असते, याचे उत्तर सरकारमुक्तीवाल्यांनी द्यायला हवे. शिवाय त्या भिंतीची किंमतही आहे. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, चर्चना आणि देवळांना इतर धर्मादाय संस्थांप्रमाणे वार्षिक आर्थिक विवरणपत्र केंद्रीय करखात्याकडे भरावे लागत नाही. आम्ही वर्गणी देतो, विश्वस्त निवडतो, आणि हिशेब विचारायचा तर आम्हीच विचारायचा; विचारला नाही तर कुणी विचारत नाही. शिर्डी-पंढरपूरच्या दानपेट्यांचा असाच कारभार महाराष्ट्राला चालेल, असे मला वाटत नाही.

म्हणून दार उघडे ठेवणे आणि हिशेब तपासणे हे सरकारचे काम मला मान्य आहे, कारण व्हेरिनच्या निवाड्यात बसते ते एवढेच. यजमान होऊन पाटावर बसणे त्यात बसत नाही. 2018 च्या आषाढीला आरक्षण आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला जाऊ शकले नाहीत. पूजा कुणी करावी हा प्रश्न त्या वर्षी विठ्ठलाचा उरलाच नव्हता, तो मंत्रालयाचा झाला होता. महापूजेच्या वेळी दर्शनाच्या रांगेतून निवडलेले एक वारकरी दाम्पत्य मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभे असते. पूजेचा सगळा मान त्या दोघांनाच द्यावा, आणि मुख्यमंत्र्यांना दर्शन घ्यायचेच असेल तर त्यांनी रांगेत उभे राहून घ्यावे, असे माझे मत आहे.