स्टेटमेंट वाचणाऱ्याचे मनोगत

मिरजेत करसल्लागार म्हणून मी गेली एकवीस वर्षे काम करतो आहे. जून लागला की टेबलावर बँक स्टेटमेंटची चळत वाढू लागते आणि पुढचे तीन महिने माझे वाचन तेवढेच असते. पूर्वी हे काम कंटाळवाणे होते, कारण एखाद्या किराणा दुकानदाराचे वर्षभराचे स्टेटमेंट पाच-सहा पानांत मावत असे आणि त्यात चेक, रोख भरणा, वीजबिल आणि एटीएममधून काढलेले दोन-पाच हजार यांपलीकडे काही नसे. त्या पाच हजारांचे पुढे काय झाले, हे बँकेला ठाऊक नसे, मला नसे आणि सरकारलाही नसे. आज रोखीची जागा यूपीआयने घेतल्यामुळे त्याच दुकानदाराचे स्टेटमेंट दीडशे पानांचे येते आणि ते वाचताना मला अनेकदा अवघडल्यासारखे होते.

तपशिलाच्या रकान्यात पैसे कोणाला गेले त्याचे नाव असते. त्यामुळे कोण गृहस्थ दर महिन्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात, कोणती शिक्षिका सासरी न सांगता भावाला तीन हजार पाठवते आणि कोणाची शनिवारची संध्याकाळ कुठल्या दुकानापाशी सुरू होते, हे मला न विचारता कळते. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील मी बदलले आहेत.) मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे आजारपण तर लपतच नाही. तीन वर्षांपूर्वी एका अशिलाच्या स्टेटमेंटमध्ये कर्करोगाच्या एका रुग्णालयाचे नाव दर एकवीस दिवसांनी येत होते. त्याच आठवड्यात ते रस्त्यात भेटले. मी सवयीने विचारले, "काय, घरी सगळे बरे ना?" ते म्हणाले, "हो, अगदी मजेत." त्यांनी सांगायचे नाही असे ठरवले होते, तो त्यांचा अधिकार होता, आणि मी मात्र तिथे ते ठाऊक असल्याचे न दाखवता उभा होतो.

रोखीच्या घटत्या वापराबद्दल बोलताना "लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?" असे ज्यांना वाटते, त्यांना मी हा प्रसंग सांगतो. त्या गृहस्थांनी एक रुपयाचा कर चुकवलेला नव्हता.

आता माझ्यासारख्या माणसाला काही अधिकार नसतात. फार तर मी चहाच्या टपरीवर चुगली करू शकतो. ज्यांना अधिकार आहेत, त्यांना हेच कागद मिळवण्यासाठी किती उंबरे ओलांडावे लागतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फारसे दिलासादायक नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 133(6) नुसार अधिकारी बँकेकडून खात्याची माहिती मागवू शकत असे आणि 2025 च्या नव्या कायद्यातही तो अधिकार कायम आहे. त्यासाठी न्यायाधीशांची परवानगी लागत नाही आणि खातेदाराला तसे कळवण्याचे बंधनही नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यामुळे बँकांना व्यवहारांची नोंद किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागते. नव्या आयकर कायद्याचे कलम 247 तर छाप्याच्या वेळी पासवर्ड ओलांडून ईमेल, समाजमाध्यमे आणि ऑनलाइन बँक खात्यांत शिरण्याची मुभा देते.

या सगळ्याला अडसर ठरावा अशी वचने आपल्याकडे आहेत. बँकेकडे ठेवलेली कागदपत्रे बँकेच्या ताब्यात गेली म्हणून ती खासगी राहत नाहीत असे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात सांगितले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच्या कलम 17 मध्ये केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने, त्या कायद्यातून पूर्ण वगळण्याची सोय ठेवली गेली. दुकानदाराने माझा फोन नंबर कसा वापरावा याचे नियम झाले, आणि ज्याच्या हाती नोटीस काढण्याची ताकद आहे त्याला हवे तेव्हा त्या नियमांबाहेर पाऊल टाकता येते.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर जुलै 2025 मधले कर्नाटक आठवावे. तिथल्या वाणिज्य कर खात्याने पेमेंट कंपन्यांकडून यूपीआयची आकडेवारी मागवली आणि बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले अशा हजारो लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या खात्यात चार वर्षांत 1 कोटी 63 लाख रुपये जमा झाले म्हणून त्याला सुमारे 29 लाखांची नोटीस मिळाली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, ही गोष्ट आमच्याकडे नव्याने कामाला लागलेल्या मुलालाही पहिल्या आठवड्यात समजते. पण यंत्राने जमेच्या रकमांची बेरीज केली, ती वस्तूंच्या विक्रीसाठी असलेल्या वर्षाला 40 लाखांच्या जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपुढे गेली आणि नोटीस निघाली. बंगळुरूतल्या दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" असे कागद चिकटवले गेले, बंदची हाक दिली गेली आणि शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना माघार जाहीर करावी लागली.

त्याचे पडसाद आमच्या मंडईतही उमटले, कारण सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि कागवाड-अथणीकडची माणसे रोज येऊन-जाऊन असतात. मी जिच्याकडून मेथी घेतो त्या मावशींनी त्या आठवड्यात स्कॅनरचा स्टँड टोपलीखाली सरकवला होता. साउंडबॉक्स तेवढा वर होता, पण बंद. मी कारण विचारले तर म्हणाल्या, "सुटे द्या साहेब, ते पेटीत बोललेलं सगळीकडं ऐकू जातं म्हणं." तांत्रिकदृष्ट्या हे विधान चुकीचे आहे आणि मला ते दुरुस्त करण्याची इच्छा झाली नाही. पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांनी डिजिटल पैसे घ्यावेत म्हणून सरकारनेच महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅक दिला होता. एका हाताने बक्षीस देऊन जमवलेली नोंद दुसऱ्या हाताने पुरावा म्हणून पुढे केली गेली, तर मावशींनी स्कॅनर झाकायचा नाही तर काय करायचे?

मी रोकडीचा भक्त नाही. माझी फी मी यूपीआयने घेतो, सुट्या पैशांची कटकट गेल्याचा मला आनंद आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींहून अधिक व्यवहार या व्यवस्थेने पार पाडले हे यश खरेच आहे. कर भरला गेलाच पाहिजे, त्यावरच तर माझे घर चालते. पण रोख रक्कम म्हणजे काळा पैसा हे समीकरण मला मान्य नाही, कारण त्याची परीक्षा आपण 8 नोव्हेंबर 2016 नंतर देऊन चुकलो आहोत. रद्द झालेल्या नोटांपैकी 99 टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या. आणि चलनातल्या नोटा तेव्हा सुमारे 18 लाख कोटींच्या होत्या, त्या आज 36 लाख कोटींच्या पुढे आहेत. म्हणजे नोटा संपल्या नाहीत, त्या बाजारातून उठून कपाटात जाऊन बसल्या. प्लॉटचा व्यवहार ठरताना "चेकने किती आणि रोख किती" हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि ज्याला तो विचारता येतो त्याच्या दाराशी नोंदीचा डोळा पोहोचतोच असे नाही. त्या डोळ्याला ठळक दिसतो तो दहा रुपयांचा चहा.

लोकांनी आपखुशीने रोख सोडली, असे म्हटले जाते. बऱ्याच अंशी ते खरेही आहे, परंतु पूर्ण नाही. 1 एप्रिल 2025 पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फास्टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट टोल पडतो. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याप्रमाणे नोट ही कायदेशीर चलन आहे, आणि तीच नोट टोलनाक्यावर निम्म्या किमतीची होते. डिसेंबर 2022 मध्ये मुंबईसह चार शहरांत सुरू झालेल्या ई-रुपयाबद्दल, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाबद्दल, लहान रकमांसाठी तरी तो नोटेसारखा निनावी राहील असे बोलले गेले होते. ते वचन कायद्यात लिहिले जात नाही, तोवर मी त्याच्यावर विसंबणार नाही.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. माझे स्टेटमेंट कोणत्याही खात्याने मागवले, तर तपास संपल्यावर, ठरावीक मुदतीत का होईना, मला तसे कळवले जावे. एरवी एटीएमला कार्ड घातले तरी मला संदेश येतो, मग यासाठी का येऊ नये? आणि ज्या सेवेला पर्याय नाही, तिथे रोख नाकारण्याची किंवा तिच्यावर दंड लावण्याची मुभा कोणालाही नसावी, सरकारला तर नाहीच.

गेल्या हंगामात एक निवृत्त मुख्याध्यापक स्टेटमेंट घेऊन आले. त्यांनी काही ओळींवर काळा स्केचपेन फिरवला होता, अगदी पट्टी धरून. मी म्हणालो, "सर, बँकेकडे पूर्ण प्रत आहे, आयकर खात्याने मागितली तर त्यांना हीच पाने न खोडलेली मिळतील." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे हो. तुम्ही मात्र रोज समोरून जाता." मी त्या ओळी उजेडात धरून पाहिल्या नाहीत आणि रिटर्न भरून टाकले.