थोरला तोच पुढारी? इस्राएलात तरी नाही

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय: ‘प्राचीन इस्राएलात थोरला मुलगाच याजक (पुजारी) आणि थोरलाच पुढारी. धाकट्याला मान मिळाला तो एकदाच, याकोबाने थोरल्या भावाला, एसावला फसवलं तेव्हा.’

यात खरं एवढंच, की वाटणीत थोरल्याला दुप्पट हिस्सा मिळे. तो नावडतीचा असला तरी बापाला त्याला डावलता येत नसे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तसा नियमच आहे. पण वाटणी वेगळी, पुढारपण वेगळं. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

आधी याजकपण. पहिला मुलगा देवाचा, हे खरं. पण बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात सगळ्या पहिल्या मुलांच्या बदली लेवीचा वंश सेवेला घेतला, तोही मोजून. महिन्यावरचे पहिले मुलगे निघाले २२,२७३ आणि लेवी भरले २२,०००. मग वरच्या २७३ जणांचे माणशी ५ शेकेल (चांदीचं वजन), म्हणजे १,३६५ शेकेल, महायाजक अहरोन आणि त्याच्या मुलांना चुकते झाले. इतका चोख हिशोब आपल्या सोसायटीत तरी होतो का! पहिल्या मुलाला पाच नाणी देऊन कोहेनकडून, म्हणजे याजकाच्या वंशातल्या माणसाकडून, सोडवून घेण्याचा विधी ज्यू घरांत आजही होतो. बरं, या वंशाचा मूळपुरुष लेवी स्वतः याकोबाचा तिसरा मुलगा.

अहरोन आपल्या भावाहून, मोशेहून, ३ वर्षांनी मोठा, हे मान्य. पण मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएली लोकांना बाहेर काढताना शब्द चालला धाकट्याचा, मोशेचा.

आता ‘एकदाच’. राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्यापुढे इशायाने आपले सात मुलगे उभे केले. उंचापुरा थोरला अलियाब पाहून शमुवेलाला वाटलं, हाच राजा. निवडला गेला आठवा, मेंढरांकडे गेलेला दावीद. त्याच्यामागून गादीवर आला त्याचा मुलगा शलमोन. शलमोनाहून मोठा भाऊ अदोनीया बघत राहिला. यहोशाफाट राजाने मात्र यहोराम या मुलाला थोरला म्हणूनच राज्य दिलं, आणि या यहोरामाने पहिलं काम केलं ते सगळे भाऊ कापून काढण्याचं.

फसवणुकीचं म्हणाल तर याकोबाचा मुलगा योसेफ याची मुलं बघा. आंधळ्या होत चाललेल्या याकोबाने हात आडवे टाकून उजवा हात धाकट्या एफ्राईमवर ठेवला. योसेफ तो हात उचलून थोरल्या मनश्शेवर ठेवू लागला, तर म्हातारा म्हणाला, ‘ठाऊक आहे मला, बाळा.’

ही गोष्ट राजे-महाराजांपुरतीही नव्हती. बायबलमधल्या ‘इतिहास’ या नावाच्या पहिल्या पुस्तकात मंदिराच्या द्वारपाळांची यादी आहे. तिथे शिम्रीच्या नावापुढे नोंद आहे: हा थोरला नव्हे, तरी बापाने यालाच मुख्य केलं.