‘पीपीपी हॉस्पिटल म्हणजे सगळ्यांना फुकट’ : मामीचं ऑपरेशन लांबवणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी वारजे माळवाडीला मामीकडे गेले होते. तिच्या पित्ताशयात खडे आहेत. दोनदा मध्यरात्री पोटात कळ येऊन रिक्षानं दवाखाना गाठावा लागला. सर्जननी स्पष्ट सांगितलंय, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. तारीख घेतली का विचारलं, तर म्हणाली, "अगं, आता कशाला घाई? आपल्याकडं पीपीपीचं मोठं हॉस्पिटल होतंय ना. तिथं सगळं फुकट आहे. नुसतं आधार कार्ड दाखवायचं."

टीव्हीखालच्या खणातून तिची प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, त्याच्या चार झेरॉक्स, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि गरिबांच्या उपचारांच्या खर्चात वाटा उचलणाऱ्या महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं कार्ड. कार्डाची मुदत मार्चमध्येच संपलेली. ते दर वर्षी नव्यानं काढावं लागतं हे मामीला पक्कं माहीत आहे, आजवर एकदाही चुकलं नव्हतं. यंदा काढलं नाही, कारण "आता त्याची गरज पडणार नाही."

हे सगळं एका फॉरवर्डमुळे. तो मेसेज मला नंतर सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि ऑफिसच्या ग्रुपवरही. थोडक्यात म्हणणं असं : पुण्यात पीपीपी तत्त्वावर, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीत, मॉडर्न हॉस्पिटल होणार. पालिकेचा एक रुपया खर्च नाही. आधार दाखवणाऱ्या प्रत्येक पुणेकराला मोफत उपचार. इमर्जन्सीत डिपॉझिट नाही, ही सोय फक्त पीपीपीतच. खासगी कंपनी चालवणार, म्हणजे दर्जा आपोआप. ससून हे सरकारी रुग्णालय आणि पालिकेचे दवाखाने आता बंद केले तरी चालतील. शेवटी, जो विरोध करेल तो विकासाचा शत्रू.

मी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयात काम करते. करारनामे वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला सगळ्यात जास्त राग ‘सगळ्यांना मोफत’ या ओळीचा आला. मामीचं ऑपरेशन त्या ओळीनं लांबवलं.

पीपीपी म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. जागा बहुधा सरकारची किंवा पालिकेची असते. खासगी भागीदार इमारत बांधतो, यंत्रं आणतो, कर्ज काढतो, ठरलेली वर्षं रुग्णालय चालवतो आणि मुदत संपली की परत करतो. ही मुदत बहुतेक वेळा तीस वर्षांच्या आसपास असते. घातलेले पैसे या काळात तो वसूल करणारच, त्यात गैर काही नाही. वसुली होते ती पूर्ण दर भरणाऱ्या रुग्णाकडून, विमा कंपनीकडून किंवा सरकारकडून. त्यामुळे खाटांची वाटणी करारातच केलेली असते. नीती आयोगानं २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयं खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याच्या पीपीपी योजनेचा मसुदा काढला. त्यात ‘रेग्युलेटेड बेड’ आणि ‘मार्केट बेड’ असे दोन शब्द छापलेले आहेत. रेग्युलेटेड बेड म्हणजे सरकारनं नियम घातलेली खाट, मार्केट बेड म्हणजे बाजारभावाची खाट. योजना आखणारेच सगळं मोफत आहे असं म्हणत नाहीत. मग हा मेसेज लिहिणाऱ्यानं ते कुठून आणलं?

बरं, मोफत खाटा करारात लिहिल्या म्हणजे तरी त्या मिळतात का? यासाठी दिल्लीचं उदाहरण प्रत्येक पुणेकरानं नीट वाचावं. इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयासाठी सरकारनं पंधरा एकर जागा नाममात्र एक रुपयानं दिली. शिवाय दिल्ली सरकारचा त्यात २६ टक्के हिस्सा, म्हणजे सरकार नुसता जमीनदार नव्हे, भागीदार. अट अशी की एक तृतीयांश खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातले ४० टक्के रुग्ण मोफत. प्रत्यक्षात वाद न्यायालयात गेला. त्यातला कळीचा मुद्दा होता ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ. खाट मोफत, पण औषधं आणि ऑपरेशनला लागणारं साहित्य रुग्णानं आणायचं का? सप्टेंबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की मोफत म्हणजे औषधं आणि साहित्यासकट मोफत, आणि अट पाळली नाही म्हणून रुग्णालयाला दंडही केला. तरी प्रश्न संपला नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुनावणीत म्हणावं लागलं की गरिबांना मोफत उपचार मिळत नसतील तर हे रुग्णालय एम्सकडे सोपवू.

म्हणजे जागा सरकारची, हिस्सा सरकारचा, अट कागदावर, उच्च न्यायालयाचा निकाल हातात, आणि सोळा वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. मामीच्या ऑपरेशनचं बिल डोळ्यांसमोर आणा. खाटेचं भाडं त्यातला लहानसा भाग. भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, दुर्बिणीचं साहित्य, औषधं, तपासण्या हीच मोठी रक्कम. करारात ‘खाट मोफत’ एवढंच असेल तर मामीला फार तर गादी आणि चादर फुकट मिळेल. म्हणून मोफत खाटा किती, त्या कोणाला, कोणत्या कागदावर, आणि त्यात काय काय धरलंय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय एकही माणूस उपचारासाठी थांबता कामा नये.

आता ‘एक रुपयाही खर्च नाही’. जागेचा भाव कोणी धरायचा? शहरात रुग्णालयाएवढा भूखंड पालिकेला आज विकत घ्यायचा झाला तर काय पडेल, हे वारज्यात वन बीएचके शोधणाऱ्यालाही कळतं. शिवाय केंद्राची व्यवहार्यता तफावत निधीची योजना आहे, म्हणजे नुसत्या कमाईवर न परवडणाऱ्या प्रकल्पातली तूट सरकारनं भरून द्यायची. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सुधारली, तेव्हा आरोग्य आणि शिक्षणातल्या पथदर्शी प्रकल्पांना केंद्राकडून भांडवली खर्चाच्या ४० टक्के आणि राज्याकडून आणखी ४० टक्के इतकी मदत देता येईल अशी तरतूद केली. पहिली पाच वर्षं चालवण्याच्या खर्चातही वाटा उचलता येतो. प्रत्येक प्रकल्प हा निधी घेतोच असं नाही. पण पीपीपी म्हणजे सरकारी तिजोरीला झळ नाही, हे म्हणणं या तरतुदीपुढं टिकत नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. सुरुवातीला एकदम मोठी रक्कम पालिकेला काढावी लागत नाही. सरकारी पद्धतीत निविदा, मंजुरी, पदभरती यांत जी वर्षं जातात ती काही प्रमाणात वाचतात. पालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात बाहेरच्या संस्थेमार्फत तपासण्यांची सोय झाली आणि लोकांना स्कॅन बाजारापेक्षा कमी दरात मिळू लागले. मी स्वतः मामांना घेऊन तिथं गेलेली आहे. पीपीपी हा शब्द ऐकताच नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिथं दर ठरलेले होते आणि भिंतीवर लावलेले होते, म्हणून ते जमलं.

डिपॉझिटबद्दलची ओळ तर उलटी आहे आणि त्यामुळे धोक्याची. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना मंजूर केली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं. पुण्यातल्या कितीतरी मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांना हे आजही लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच शहरात एका गर्भवतीकडे रुग्णालयानं अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून केवढा क्षोभ उसळला, ते कोणी विसरलेलं नाही. अशा शहरात ‘ही सोय फक्त पीपीपीत’ असं पसरवणं म्हणजे रात्री दोन वाजता रुग्ण घेऊन धावणाऱ्या माणसाच्या हातातला हक्क काढून घेणं आहे. त्यानं दारात उभं राहून ‘योजनेप्रमाणे डिपॉझिट मागता येत नाही’ असं म्हणायला हवं, आणि हा मेसेज त्याला सांगतोय की अजून न झालेल्या हॉस्पिटलची वाट बघ.

‘खासगी चालवणार म्हणजे दर्जा आपोआप’ याला पुणेकरानं तरी भुलू नये. ऑगस्ट २०२० मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं जम्बो कोविड रुग्णालय उभं राहिलं. चालवायला खासगी एजन्सी होती. पहिल्या दिवसांतच तक्रारींचा पाऊस पडला, नातेवाइकांना आत माणूस कसा आहे हे कळेना, आणि शेवटी ती एजन्सी बदलावी लागली. मुंबईत मरोळला महापालिकेच्या जागेवर सेव्हन हिल्स उभं राहिलं. करार २००५ चा, वीस टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कोविडमध्ये ती इमारत मुंबई महापालिकेनंच वापरात आणली. चालवणारा कोलमडला की रुग्ण पुन्हा पालिकेच्याच दारात येतात.

ससून बंद करा म्हणणाऱ्यानं एकदा तिथल्या अपघात विभागाबाहेर रात्रभर बसून दाखवावं. जळीत, विषबाधा, पोलीस केस, बेवारस रुग्ण, आसपासच्या जिल्ह्यांतून पाठवलेले रुग्ण, सगळे तिथं येतात. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. दारच बंद केलं तर त्या कुठं करायच्या? कोणी म्हणेल, ससूनसुद्धा डेव्हिड ससून यांच्या देणगीतूनच झालं, १८६७ मध्ये. खरं आहे. पण ते दान होतं. पीपीपीत येते ती गुंतवणूक, आणि तिला परतावा लागतो.

विकासाच्या शत्रूंबद्दलच्या ओळीला उत्तर देण्यात मला वेळ घालवायचा नाही.

मामीला मी हे सगळं स्वयंपाकघरात बसून सांगितलं, दिल्लीचं थोडं सोपं करून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या पिशवीतली कागदंच खरी." सोमवारी सकाळी आम्ही दोघी शहरी गरीबचं कार्ड काढायला जातोय. तिथून ससूनला, महात्मा फुले योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राकडे. तिच्या रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात होईल ते विचारायचंय. सोनोग्राफीचा रिपोर्ट जुना झालाय, तोही नवा लागेल बहुतेक. ज्या वहिनींनी मामीला मेसेज पाठवला त्यांना मी हे पाठवलंय. त्यांच्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशनही त्याच हॉस्पिटलसाठी थांबलंय.